लग्न ठरतंय? दोघांचीही एचपीएलसी करा (सिकलसेल आणि थॅलेसेमिया वाहकांबद्दल)

वैनगंगा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. विषय घरचा आहे, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे चंद्रपूर जिल्ह्यातले. मी स्वतः सिकलसेलची (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक रक्तविकार) वाहक आहे, म्हणजे ते जनुक एकाच पालकाकडून आलेली, आमच्याकडे ज्याला 'एएस पॅटर्न' म्हणतात ती. धाकटा भाऊही एएस. आम्हा दोघांना आजवर काडीचा त्रास नाही. तो शेतात राबतो, मी दोन बाळंतपणं सुखरूप केली. माझा नवरा तपासून घेतलेला आहे, मुलांची काळजी नाही. आता भावाचं लग्न ठरतंय, आणि माझ्या डोळ्यांसमोरून मावसबहिणीची मुलगी हलत नाही.

मावसबहीणही एएस. लग्न ठरताना तिने हिंमत करून मुलाकडच्यांना सांगितलं. माणसं भली. मुलगा म्हणाला, मी आजच तपासतो. गावात शिबिर लागलं होतं, तिथे त्याचं बोट टोचलं, सिकलची सोल्युबिलिटी चाचणी निगेटिव्ह आली. दोन्ही घरांनी सुटकेचा श्वास सोडला, पेढे वाटले. मुलगी झाली. ती नऊ महिन्यांची असताना एका सकाळी तिच्या दोन्ही हातांची बोटं आणि पावलं टम्म फुगली. कोणी हात लावला की किंचाळायची. मावशीने मुका मार समजून हळदीचा लेप लावला. एका डॉक्टरांनी संधिवाताचा ताप म्हटलं, दुसऱ्यांनी लोहाचं औषध लिहून दिलं. ती दीड वर्षाची झाल्यावर एका बालरोगतज्ज्ञांनी तिघांचीही एचपीएलसी (रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी चाचणी) करायला लावली, तेव्हा उलगडलं. मुलीला सिकल-बीटा थॅलेसेमिया. आईकडून सिकलचं जनुक, बापाकडून थॅलेसेमियाचं, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनवणाऱ्या विकाराचं. जवाई थॅलेसेमिया मायनर, म्हणजे नुसते वाहक होते आणि जन्मात कधी त्यांना ते कळलं नव्हतं.

शिबिरातली चाचणी खोटं बोलली नव्हती. तिला विचारलंच होतं फक्त सिकलचं, आणि सिकल त्यांच्यात नव्हतंच.

भावासाठी आलेलं स्थळ नागपूरचं आहे. मुलगी शिकलेली, मोकळी, आम्हाला सगळ्यांनाच आवडली. भावाने एएस असल्याचं पहिल्याच भेटीत सांगितलं. तिने कॉलेजात झालेल्या तपासणीचा कागद दाखवला : सोल्युबिलिटी निगेटिव्ह. पुन्हा तोच कागद! मी तिच्याकडून साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट मागून घेतला. हिमोग्लोबिन १०.८, एमसीव्ही (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान) ६४, तांबड्या पेशी ५७ लाख. मी डॉक्टर नाही, पण मावसबहिणीच्या घरी हे आकडे मी पाहिलेत.

आता एचपीएलसी करा म्हणायचं कसं? बाबा म्हणतात, "सोयरीक जुळली न् तू पोरीवर संशय घेतं. तिचे मायबाप का म्हणतील?" तुमच्यापैकी कोणी हा विषय काढला असेल तर कसा काढला, सांगा.

---

सूक्ष्मदर्शक

वैनगंगाताई, गेली वीस वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. तुमचा अंदाज बिनबुडाचा नाही. त्या मुलीचा एमसीव्ही तांबड्या पेशींच्या दशलक्षांतल्या संख्येने भागून पाहा. ६४ भागिले ५.७, म्हणजे साधारण ११.२. हा आकडा १३ च्या खाली आला की आम्ही थॅलेसेमिया मायनरचा संशय धरतो, वर असला की लोहाची कमतरता. कारण साधं आहे. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात आणि संख्याही घटते. मायनरमध्ये पेशी लहान, पण संख्या भरपूर. अर्थात हा नुसता अंदाज, निदान नव्हे. निदान एचपीएलसीवरच.

सोल्युबिलिटी म्हणजे नेमकं काय, तेही सांगतो, कारण 'निगेटिव्ह' या एका शब्दाने फार घोटाळा केलाय. नळीतल्या रसायनात थेंबभर रक्त टाकतात. सिकल हिमोग्लोबिन असेल तर ते विरघळत नाही, द्रावण गढूळ होतं आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. इतकंच. पॉझिटिव्ह आली तरी माणूस एएस (नुसता वाहक) की एसएस (आई-बाप दोघांकडून सिकलचं जनुक आलेला, आजारी) हे ती सांगत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर तिच्यावर विसंबूच नये, कारण तेव्हा रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं. आणि थॅलेसेमियाशी तिचा काही संबंधच नाही.

थॅलेसेमियासाठी नेस्ट्रॉफ्ट नावाची तितकीच स्वस्त वेगळी चाचणी आहे. ०.३६ टक्के मिठाचं बफर द्रावण २ मिलिलिटर, त्यात २० मायक्रोलिटर रक्त, आणि अर्धा तास थांबायचं. नेहमीच्या पेशी फुटतात, द्रावण लालसर पण पारदर्शक होतं, मागची रेघ स्वच्छ दिसते. मायनरच्या पेशी न फुटता तशाच राहतात, द्रावण धुरकट, रेघ पुसट. पण लोह कमी असलं तरी रेघ पुसट होते, म्हणून पुढे एचपीएलसी लागतेच.

एचपीएलसीमध्ये ए२ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचा आकडा बघायचा. ३.५ टक्क्यांपर्यंत ठीक. ४ च्या वर बहुतेक वेळा बीटा थॅलेसेमिया मायनर. मधल्या आकड्यांवर हुरळूनही जाऊ नका आणि घाबरूनही जाऊ नका. लोहाची कमतरता ए२ ला थोडं खाली ओढते, त्यामुळे लोह भरून काढून पुन्हा तपासतात किंवा डीएनए करतात. फक्त बाई गरोदर असेल तर लोह भरून यायची वाट बघत बसू नये, लगेच नवऱ्याची करून घ्यावी.

---

ठाण्याची_आई

वाचताना हात थंड पडले.

माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे आम्हा दोघांकडूनही ते जनुक आलेला. दर तीन आठवड्यांनी रक्त. आदल्या दिवशी नमुना देऊन यायचं, सकाळी सातला वॉर्डात, संध्याकाळी घरी. रोज सकाळी उपाशीपोटी शरीरात साचलेलं लोह बाहेर काढणारी गोळी. ग्लासभर पाण्यात विरघळवायची, चमच्याने ढवळायची, तळाशी उरलेला पांढरा गाळ पुन्हा थोड्या पाण्यात घोळून तोही प्यायला लावायचा. मग अर्धा तास खायचं नाही. शाळेची बस सातला. म्हणजे आमचा दिवस साडेपाचला सुरू. मे महिना आणि दिवाळी मला नको वाटते. कॉलेजं बंद, रक्तदानाची शिबिरं नाहीत, रक्तपेढीत "उद्या फोन करा" ऐकायला मिळतं.

आम्ही सारस्वत. थॅलेसेमिया हा सिंधी लोकांचा आजार, असं ऐकत मोठी झाले. आमच्यातही वाहक सापडतात हे मला मुलगा सात महिन्यांचा असताना, त्याचं हिमोग्लोबिन ४ वर आल्यावर कळलं. गरोदरपणी नऊ महिने एका नावाजलेल्या ठिकाणी जात होते. सोनोग्राफी चार वेळा झाली, साखर तीनदा. हिमोग्लोबिन कायम दहाच्या आसपास, म्हणून लोहाची इंजेक्शनं दिली. ए२ कोणी बघितला नाही. एका चाचणीचा प्रश्न होता हो.

माझा मुलगा मला हवाच आहे, त्याच्याशिवाय घर मी कल्पूही शकत नाही. पण त्याच्या वाट्याला आलेलं दुखणं टाळता येण्यासारखं होतं, हे रोज त्या ग्लासात चमचा फिरवताना आठवतं. ताई, बाबांना माझी पोस्ट वाचून दाखवा.

---

सडेतोड

सरळ कायदा करा. तपासणीचा दाखला नाही तर लग्नाची नोंदणी नाही. दोघंही वाहक असतील तर लग्नालाच परवानगी देऊ नये. सायप्रसने असंच करून थॅलेसेमिया संपवला.

---

दीपमाळ

सडेतोड, तुमची कळकळ समजते, पण सायप्रसने लग्नं थांबवली नाहीत. तिथे लग्नाआधी तपासणी आणि समुपदेशन झाल्याचा दाखला चर्च मागतं. त्यावर निकाल लिहिलेला नसतो. दोघंही वाहक निघाले तरी बहुतेक जोडपी लग्न करतातच आणि पुढे गर्भाची तपासणी करून घेतात. इटलीच्या सार्डिनिया बेटावर तर सक्तीही नव्हती. डॉक्टर, सुईणी, शाळा, चर्च सगळ्यांनी मिळून सत्तरच्या दशकापासून लोकांना समजावलं, आणि २५० जन्मांत एक असलेलं प्रमाण ४००० त एकावर आलं.

उलटं उदाहरणही आहे. ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस नावाचं गाव आहे, सुमारे चारातला एक माणूस सिकलचा वाहक. तिथे सगळ्यांची तपासणी केली आणि वाहकांनी आपसात लग्न करू नये असा सल्ला दिला. काही वर्षांनी पाहिलं तर वाहक-वाहक लग्नं कमी झालीच नव्हती. लोकांनी निकाल लपवले होते, वाहकांना हिणवलं गेलं होतं. अमेरिकेतही सत्तरच्या दशकात घाईने तपासणीचे कायदे झाले आणि कृष्णवर्णीय वाहकांना नोकरीत, विम्यात त्याचा त्रास झाला.

सक्ती केली की कागद तयार होतात. आपल्याकडे तर काय काय कागद तयार होतात ते आपण जाणतोच. मला विचाराल तर लग्न ठरायच्याही आधी, कॉलेजच्या पहिल्या वर्षात तपासावं. गुजरातेत रेड क्रॉसने कॉलेजांतून हे मोठ्या प्रमाणावर केलं आहे. तेव्हा समोर कुठलं स्थळ नसतं, नाक कापलं जायची भीती नसते.

---

अनामिक_१९

हिणवण्याबद्दल लिहिलंत म्हणून सांगते. मी थॅलेसेमिया मायनर. साखरपुडा झाल्यावर प्रामाणिकपणे सांगितलं. मुलगा तपासायला तयार होता, त्याच्या आईने तपासूच दिलं नाही. "रक्तात खोट असलेली मुलगी नको." पुढच्या दोन स्थळांना मध्यस्थाने परस्पर सांगितलं की मुलीला रक्ताचा आजार आहे. मला कोणताही आजार नाही. मी गेल्या वर्षी हरिश्चंद्रगड चढून आले. माझ्या आईने मला दोन वर्षं सांगितलं, आता कोणाला बोलू नकोस.

आता लग्न झालंय. नवऱ्याला दुसऱ्या भेटीत सांगितलं, त्याने आठवड्याभरात रिपोर्ट आणला, ए२ २.६. त्या कागदाचा फोटो माझ्याकडे अजून आहे.

---

सातपुड्याचे_गुरुजी

मी नंदुरबार जिल्ह्यात धडगाव भागात आश्रमशाळेत शिक्षक आहे. भिल्ल आणि पावरा मुलं. आमच्याकडे सिकलसेल हा शब्द पुस्तकात नाही, वसतिगृहात भेटतो. थंडी सुरू झाली की कोणीतरी रात्री पाय धरून रडतं. एसएस मुलांना गार पाण्याची अंघोळ, तहान, ताप, काहीही पुरतं. आता आम्ही त्यांच्या बाकावर पाण्याची बाटली सक्तीची केली आहे, फॉलिक ॲसिड देतो, आणि हायड्रॉक्सियुरिया (सिकलच्या दुखण्याचे झटके कमी करणारं औषध) सुरू झाल्यापासून दोन मुलींच्या गैरहजेऱ्या फार कमी झाल्या.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल मिशन सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत उच्चाटन, असं उद्दिष्ट. त्यातून तपासणीच्या निकालाची कार्डं मिळाली, फार चांगली गोष्ट झाली. त्याच्या कितीतरी आधी, सत्तरच्या दशकापासून पुण्याचे डॉ. सुदाम काटे आदिवासी पाड्यांवर फिरून हेच रक्त तपासत होते. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्ही शाळेत त्यांचं नाव फळ्यावर लिहिलं होतं.

पण कार्ड हातात देणं आणि ते समजावणं यात अंतर आहे. आमच्या एका मुलीने आपलं वाहकाचं कार्ड पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी ठेवलं होतं. आईने सांगितलं होतं, कोणाला दाखवू नको. त्या दिवसापासून मी वर्गात चिंचोके घेऊन बसतो. दोन वाट्या. एक आईची, एक बापाची. प्रत्येक वाटीत दोन चिंचोके, त्यातला एक खडूने पांढरा केलेला. मुलांनी डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक उचलायचा. दोन्ही पांढरे आले तर एसएस, एक आला तर वाहक, एकही नाही तर मोकळा. मग चिंचोके परत वाटीत टाकायचे आणि पुढच्या मुलाने उचलायचे. हे परत टाकणं सगळ्यात महत्त्वाचं. पाड्यावर मला मोठी माणसं सांगतात, "पयलं पोर दुखणाईत झालं, म्हणजे पुढची तीन चांगली." आई-बाप दोघं वाहक असले की चारात एक मूल आजारी, पण चारात एक म्हणजे पाळीने नव्हे. प्रत्येक खेपेला वाट्या नव्याने भरलेल्या असतात. एकाच घरात तीन मुलं एसएस असलेली मी पाहिली आहेत.

आणि कलंकाबद्दल मी मुलांना सांगतो : एका पांढऱ्या चिंचोक्याने तुमच्या आजापणज्यांना वाचवलं. या डोंगरात हिवताप भयंकर होता, आणि वाहकांना जीवघेणा हिवताप सहसा होत नाही. म्हणून तर हे जनुक इथे टिकलं. त्या मुलीने हे ऐकल्यावर कार्ड पेटीतून काढून वहीच्या कव्हरमध्ये लावलं.

---

केतकी_लेस्टर

इंग्लंडमधला अनुभव थोडक्यात. गरोदर असल्याचं कळवल्यावर पहिल्याच भेटीत सुईणीने आमचं मूळ कुठलं हे विचारणारा फॉर्म भरून घेतला आणि रक्त नेलं. इथे ही तपासणी सगळ्याच गरोदर बायकांना देऊ करतात, शक्यतो दहाव्या आठवड्याच्या आत. आई वाहक निघाली की वडिलांना लगेच बोलावतात. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबातही सिकल बघतात. मी मायनर निघाले. त्याआधी पुण्यात पंधरा वर्षं लोहाच्या गोळ्या खाल्ल्या होत्या, मळमळ सोसून.

---

पळसफूल

एक शंका. गर्भाची तपासणी आपल्याकडे बेकायदा नाही का? आमच्या वहिनीला एकाने तसं सांगून परत पाठवलं.

---

सूक्ष्मदर्शक

पळसफूल, बेकायदा आहे ती लिंग सांगणं आणि लिंगासाठी तपासणी करणं. १९९४ च्या त्याच कायद्यात हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भाची तपासणी करायला स्पष्ट मुभा आहे. तुमच्या वहिनींना चुकीचं सांगितलं गेलं.

साधारण १० ते १२ आठवड्यांत वारेचा सूक्ष्म तुकडा घेतात. उशीर झाला तर १६ व्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल. गर्भपाताचा थोडा धोका असतो, तो डॉक्टर आधी समजावतात. पण खरी अडचण वेळेची. आई आणि वडील दोघांचं नेमकं म्युटेशन (जनुकातला बदल) आधी माहीत असेल तरच गर्भाचा निकाल चटकन लागतो. म्हणून दोघं वाहक आहेत असं कळल्यावर डीएनए तपासणी गर्भ राहायच्या आधीच करून ठेवावी. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था हे काम कित्येक वर्षं करते आहे, आणि चंद्रपूरलाही तिचं केंद्र आहे. वैनगंगाताई, तुम्हाला तर ते घराजवळ.

पुढे काय करायचं हा निर्णय मात्र त्या दोघांचा, लॅबचा नाही आणि सासूचाही नाही.

---

दीपमाळ

वैनगंगा, विषय कसा काढायचा यावर : "तुमची तपासा" म्हणू नका. भावाने आपला पूर्ण एचपीएलसी रिपोर्ट घेऊन जावं आणि म्हणावं, मी वाहक आहे, त्यामुळे आपल्या मुलांसाठी मला तुझाही असाच रिपोर्ट हवा, सोल्युबिलिटी पुरत नाही. मुलीशी आधी बोलावं, तिच्या आईवडिलांशी नंतर. आणि दोघांनी एकाच दिवशी, एकाच लॅबमध्ये रक्त द्यावं. भावाची पुन्हा झाली तरी चालेल. एकत्र गेलं की तो संशय राहत नाही.

---

वैनगंगा

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार. ठाण्याच्या आईची पोस्ट बाबांना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, उठून अंगणात गेले. रात्री भावाला म्हणाले, "जा बा, दोघंही जाऊन या."

भाऊ नागपूरला गेला, दोघांनी शेजारी बसून रक्त दिलं. त्याचं सिकल ३४ टक्के, ते अपेक्षितच होतं. तिचा ए२ ५.४. थॅलेसेमिया मायनर.

तो कागद आला त्या दिवशी मी खूप रडले. मावसबहिणीच्या वेळी हाच कागद मिळाला असता तर, हेच मनात. तिच्या आईवडिलांकडे आम्ही सगळेच गेलो. तिचे बाबा सारखे एकच बोलत होते, "आठ वर्षं लोहाच्या गोळ्या चारल्या जी आम्ही हिले." मग त्यांनी स्वतः तपासलं, तिच्या आईने तपासलं. आईकडून आलंय. आता तिचा धाकटा भाऊ आणि मामाची दोन मुलं जाणार आहेत.

दोघं समुपदेशकांकडे जाऊन आले, दीड तास बसले. प्रत्येक खेपेला चारात एक, हे त्यांनी ऐकून घेतलं. गुरुजी, मी तुमचे चिंचोके तिच्या आईला करून दाखवले, त्यांना ते कागदापेक्षा लवकर समजलं. लग्न करायचं म्हणतात. दोघांच्या डीएनएचे नमुने गेल्या सोमवारी दिले. तिने मोबाईलमध्ये आत्ताच लिहून ठेवलंय : पाळी चुकली की त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे, थांबायचं नाही.

मावसबहिणीची मुलगी आता चार वर्षांची आहे. हायड्रॉक्सियुरिया सुरू आहे, न्यूमोनियाच्या लसी झाल्या. परवा फोनवर तिने मला सबंध 'ये रे ये रे पावसा' म्हणून दाखवलं.

---

ठाण्याची_आई

वैनगंगा, तुमच्या होणाऱ्या भावजयीला माझा नंबर हवा असेल तर व्यक्तिगत निरोप करा. डीएनएचा निकाल येईपर्यंतचे दिवस फार लांब वाटतात. तिला बोलावंसं वाटलं तर रात्री नऊनंतर मी मोकळी असते.